हजारात किती

दर अमावास्येला आणि पुनवेला
जंबुसरच्या बसने बारा बाटल्या येतात.
जेसंग माछी त्या गोणपाटात गुंडाळून आणतो,
अंडी आणावीत तशा, मांडीवर धरून,
आणि जिना चढायच्या आधी चपला काढतो.
शंभरदा सांगितलं, ही प्रयोगशाळा आहे, देऊळ नाही.

वडोदऱ्याला समुद्र नाही.
इथे समुद्र म्हणजे माझ्या टेबलावरचं गढूळ पाणी,
तळाशी शिंपल्याचा चुरा,
आणि बाटलीवर जेसंगच्या मुलीचं अक्षर:
धाधर मुख, ओहोटी. तळं, उत्तर काठ. चेरांमधली नाळ.
चेर म्हणजे तिवर.
चार पिढ्या आम्ही या शहरात मराठी बोलतो,
तिवरं कधी पाहिली नाहीत.

थेंब काचेवर ठेवते, डोळा लावते,
निळं संपून पांढरं जिथे सुरू होतं
तिथला आकडा वहीत उतरवते.
हजारात किती मीठ, एवढंच माझं काम.
तळं, पहिल्या वर्षी: चार.
मग सहा. मग एका उधाणानंतर एकोणीस.
पावसाने नऊवर आणलं,
चारवर कोणीच आणलं नाही.

जेसंग भरतीला घोडा म्हणतो.
चिखलावरून फेस उडवत तो कसा येतो
ते टेबलावर बोटांनी धावून दाखवतो.
माझ्या शहरात घोडा एकच, काळा,
पुलाजवळच्या चौकात, जागचा न हलणारा.
त्याच्या शेजारून विश्वामित्री जाते
मगरी, निर्माल्य, आमच्या मोऱ्यांचं पाणी घेऊन,
धाधरला मिळते,
आणि ती जिथे संपते तिथे जेसंग बाटली बुडवतो.

तिवरांना चालता येतं, हे मला माहीत नव्हतं.
पाणी चढलं की ती मागे सरतात,
एकेका बीने, वर्षाला पाऊलभर.
पण मागे बांध आहे. बांधामागे मिठागर, मग डांबरी रस्ता,
मग कोणाची तरी कोळंबीची तळी, तारेच्या कुंपणात.
"एसटीत माणसं उभी असतात ना," जेसंग म्हणाला,
"तशी उभ्याउभ्या बुडतात."
निवट्या बांधावर चढून डोळे वटारून बघतात.
बदकं तळ्यावर एक घिरटी घालून पुढे जातात,
भाव विचारून दुकानातून निघावं तशी.

फाल्गुनातल्या पुनवेला बाटल्या तेरा निघाल्या.
तेरावीवर अक्षर नव्हतं.
पाणी नितळ, वास नाही.
मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.
थेंब ठेवला. डोळा लावला.
दोन. दोनच्या किंचित वर.
"घरचं आहे," तो म्हणाला, "हातपंपाचं.
चहात दूध फाटायला लागलं, म्हणून आणलं."

मिठाचा खडा पडला, असं आम्ही म्हणतो.
कोणी टाकला, ते म्हणत नाही.

चहा टाकला. आधी पेलाभर पाणी दिलं,
आमच्या नळाचं, गोडं.
एक घोट घेऊन त्याने पेल्याकडे पाहिलं,
मग खिडकीकडे,
आणि चोरट्यासारखा म्हणाला,
"बेन, हे जरा आळणी लागतं."

खाल्ल्या मिठाला जागावं, हे ऐकत मी वाढले.
प्यालेल्या मिठाचं काय करायचं
ते घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

निघताना त्याने तेरावी बाटली परत मागितली.
तीनदा विसळली, नळाखाली धरली,
काठोकाठ भरली,
आणि हाताच्या सवयीने चिठ्ठी डकवली.
तारीख. वेळ.
स्थळ: वडोदरा.
भरती की ओहोटी, त्या रकान्यापाशी पेन अडलं.
खाली जेसंग चपला शोधत होता.